दहावीनंतर डिप्लोमा: फी किती, पगार किती आणि हिशेब कुठे चुकतो

दहावीचा निकाल लागला की पॉलिटेक्निकची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: फी किती? तीन वर्षांच्या डिप्लोमात फी हा पुष्कळदा सगळ्यात मोठा आकडा नसतोच. खोली-खानावळ, एखादं वाया गेलेलं वर्ष आणि पहिल्या नोकरीत महिनाअखेर खिशात उरणारी शिल्लक, या तिघांनी हिशेब जास्त हलतो. तेव्हा वही घ्या आणि तीन रकाने पाडा: फी, राहणं-जाणंयेणं, आणि नोकरीतली बचत. पगाराला स्वतंत्र रकाना नको. खर्च भरून निघतो तो बचतीतून.

‘शिकला नसता तर तीन वर्षांत किती कमावलं असतं’ हा रकाना दहावीच्या मुलासाठी कोरा ठेवा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला धड नोकरी मिळत नाही आणि मिळू नये. मात्र बारावी सायन्स किंवा आयटीआय करून जो थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाला बसतो, त्याची दोन वर्षांची कमाई खरोखर बुडते. ती त्यानं खर्चात धरायलाच हवी.

फीची पावती फोडून वाचा

सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी खुल्या प्रवर्गालाही आठ हजारांच्या आसपास पडते. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजनिहाय ठरवतं. ती तीस-पस्तीस हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत काहीही असू शकते. पण एकूण आकडा विचारून थांबू नका. पावतीवरच्या ओळी वेगवेगळ्या मागा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, इतर. कारण सरकारी सवलत बहुतेक वेळा फक्त शिक्षण शुल्काला लागते. दोन कॉलेजं ५५,००० च सांगतात, पण एकाचं शिक्षण शुल्क ४८,००० आणि दुसऱ्याचं ४०,००० असेल, तर सवलतीनंतर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम सारखी राहत नाही. अनामत मात्र परत मिळते. तिची पावती जपून ठेवा, तीन वर्षांनी ती मागायचं बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही.

सवलती कोणत्या? खुल्या प्रवर्गात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मुलींचं गणित ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं पार बदललं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, २०२४-२५ पासून संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्पन्नाची अटही वेगळी. हे सगळे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात.

याखेरीज टीएफडब्ल्यूएस ही शिक्षण शुल्क माफीची योजना आहे. मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा, उत्पन्न मर्यादा ८ लाख आणि शिक्षण शुल्क पहिल्या दिवसापासून माफ. परताव्याची वाट पाहत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. पसंतीक्रमात या जागेचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो न भरता फक्त साधा कोड भरणारे दरवर्षी निघतात. इथं मेरिट वर जातं आणि पुढे कॉलेज किंवा शाखा बदलली की माफी जाते, म्हणून शाखा आधीच नीट ठरवा. मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्तीही आहे: वर्षाला ५०,००० रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. अर्ज जरूर करा, पण मंजुरी हातात येईपर्यंत ती वहीत लिहू नका.

आता खड्डे. पहिला आणि सर्वांत खोल खड्डा थेट प्रवेशाचा. शाहू योजना असो की मुलींची माफी, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॅप संपल्यावर कॉलेज पातळीवर घेतलेली जागा या योजनांत बसत नाही. ‘तीच शाखा, तेच कॉलेज, फेरीची वाट कशाला बघता, आत्ता घेऊन टाका’ असं काउंटरवरून सांगितलं जातं, तेव्हा वहीत निम्मी फी खोडून पूर्ण लिहा आणि मगच उत्तर द्या. आधी कॅपची जागा घेऊन मन बदललं, तर कट-ऑफ तारखेच्या आत रद्द केल्यास १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. थोडक्यात, कॅपमधून जागा धरून ठेवणं स्वस्त आहे आणि कॅप सोडणं महाग.

दुसरा खड्डा बँकेचा. आधार चार खात्यांना जोडलेलं असू शकतं, पण थेट लाभाचे पैसे एनपीसीआय या बँक-व्यवहार सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत ज्या एकाच खात्याचं नाव असतं तिथेच जातात. ते खातं कधीतरी सिमकार्डच्या दुकानात उघडलेलं पेमेंट बँकेचं निघतं, नाहीतर बंद पडलेलं. अर्ज मंजूर दिसतो आणि पैसे येत नाहीत. प्रवेशाच्या आधीच आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे भलतंच खातं दिसलं तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन सीडिंगचा, म्हणजे आधार जोडणीचा, फॉर्म भरा.

तिसरा कागदपत्रांचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा हवा, आणि नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते, तेव्हा मेमध्येच अर्ज टाकलेला बरा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विद्यार्थ्यानंच भरायचा असतो. कॉलेज तो आपोआप करत नाही.

घर, खोली, खानावळ

आता नमुन्याचे आकडे घालून बघू. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा मुलगा. खुला प्रवर्ग, उत्पन्न ८ लाखांच्या आत. पर्याय एक: लांबच्या शहरातलं सरकारी तंत्रनिकेतन. फी ८,००० गुणिले तीन, म्हणजे २४,०००. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, वर्कशॉपचा ड्रेस, सेफ्टी शूज, मॅन्युअल, झेरॉक्स, प्रोजेक्ट धरून तीन वर्षांचे १०,०००. कॉट बेसिसवर खोली २,५००, डबा ३,५००, किरकोळ १,००० असे महिन्याला ७,०००. वर्षाचे दहा महिने धरले तर तीन वर्षांचे २,१०,०००. एकूण २,४४,०००. सरकारी वसतिगृहात नंबर लागला तर हा आकडा बराच खाली येतो, म्हणून वसतिगृहाच्या यादीची तारीख प्रवेशाच्याच दिवशी विचारून ठेवा.

पर्याय दोन: घरून एसटीनं जाण्याजोगं खासगी कॉलेज. फी ५५,०००, त्यात शिक्षण शुल्क ४८,०००. निम्मं माफ झालं की २४,००० अधिक इतर ७,०००, म्हणजे वर्षाला ३१,०००. तीन वर्षांचे ९३,०००. एसटीच्या पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत असते. महिन्याला ५०० धरा, म्हणजे १५,०००. साहित्याचे तेच १०,०००. एकूण १,१८,०००.

लांबचं सरकारी महाग पडलं आणि जवळचं खासगी निम्म्यात आलं. त्याच घरातली मुलगी मोफत योजनेत बसत असेल, तर तिचे तीन वर्षांचे ७,००० प्रमाणे २१,०००, पास आणि साहित्य धरून ४६,०००. आणि तोच मुलगा कॅप सोडून थेट प्रवेशानं गेला तर १,९०,०००. एका सहीचा फरक ७२,०००.

यावरून ‘जवळचं तेच घ्या’ असं मात्र काढू नका. सरकारी कॉलेजात जुनी यंत्रं असतील, पण पुष्कळदा कायम शिक्षक आणि चालू वर्कशॉप असतं, आणि कंपन्या आधी तिथे येतात. जवळच्या कॉलेजात तासाला कोण शिकवतं हे संध्याकाळी पाच वाजता गेटवर उभं राहून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. प्लेसमेंटच्या फलकावरचा आकडा मोजतानाही एकच प्रश्न पुरे: यातली किती मुलं प्रत्यक्ष रुजू झाली आणि ती कंपनीच्या पेरोलवर आहेत की कंत्राटदाराच्या? एका हुशार मुलाच्या तीन ऑफर फलकावर तीन म्हणून मोजल्या जातात.

एक वर्ष गेलं तर

तंत्रशिक्षण मंडळाच्या नियमांत काही विषय राहिले तरी एटीकेटीवर पुढे जाता येतं. मर्यादेपलीकडे राहिले की वर्ष जातं, मुलांच्या भाषेत वायडी लागते. बहुतेकांची गाडी पहिल्या वर्षाच्या गणितावर आणि इंग्रजीतून पेपर लिहिण्यावर अडते, कारण दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं असतं. वायडीची किंमत परीक्षा फीएवढी समजू नका. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं आणि पहिल्या नोकरीचं एक वर्ष मागे सरकतं. पुढे ज्या नोकरीतून वर्षाला ७४,००० वाचणार होते (हा हिशेब खाली येतो), ते गेले. त्यापुढे पहिल्या सेमिस्टरला गणिताच्या शिकवणीवर घातलेले पाच-सहा हजार स्वस्तच.

कर्ज काढणार असाल तर हेही मांडून बघा. दरवर्षी सुरुवातीला ५०,००० असे दीड लाख घेतले, व्याज १० टक्के. शिक्षणाची तीन वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहतं: पहिल्या ५०,००० वर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. मिळून ४५,०००. फेड सुरू होते तेव्हा कर्ज १,९५,००० झालेलं असतं आणि पाच वर्षांचा हप्ता ४,१५० च्या आसपास बसतो. शिकत असतानाच घरचे व्याज भरत गेले तर तो ३,१९० च्या आसपास येतो.

ऑफर लेटर हातात आल्यावर

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी किंवा अंबड एमआयडीसीतली पहिली ऑफर बहुतेक ‘डिप्लोमा इंजिनीअर ट्रेनी’ या नावाची असते. समजा, पत्रावर सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, २,४०,००० लिहिलंय. मुलगा घरी फोन करून सांगतो, वीस हजार पगार. हे वीस हजार असे वितळतात.

मूळ पगार १०,०००. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, १,२००. तो सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ४८१. एकूण पगार २१,००० च्या आत असल्यामुळे ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागतो आणि कंपनीचा ३.२५ टक्के वाटा, ५७७, हाही सीटीसीतच. उरला ग्रॉस पगार १७,७४२. यातून तुमचा पीएफ १,२००, तुमचा ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३४, आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत माफ). हातात १६,२०८. कँटीन आणि बस कापली तर आणखी कमी. सीटीसीत वर्षाचा ८.३३ टक्के बोनस मिळवला असेल तर दरमहा येणारी रक्कम त्याहून खाली जाते, कारण तो भाग दिवाळीला येतो. पीएफ बुडत नाही, ती बचतच आहे, पण त्यातून खोलीचं भाडं भरता येत नाही.

चाकणला चौघांत एक खोली, डबा, मोबाईल, गावी दोन फेऱ्या असे १०,००० धरले तर शिल्लक ६,२००. आता मघाचे आकडे घ्या: १,१८,००० भरून निघायला १९ महिने, २,४४,००० ला ३९ महिने. आणि गावाजवळच्या एमआयडीसीत हातात १३,००० च मिळाले, पण घरी राहून खर्च ३,००० झाला, तर शिल्लक १०,०००. कमी पगाराची नोकरी आधी फिटते. तरीही पहिली दोन वर्षं मोठ्या कंपनीत काढावीत असं सुचवू, कारण दुसऱ्या नोकरीचा पगार तिथल्या कामावर ठरतो. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) नुसतं बटण दाबणारा आणि प्रोग्राम व टूलिंग बसवणारा, दोघांच्याही अनुभवपत्रावर दोनच वर्षं लिहिलेली असतात. मुलाखतीत फरक पाच मिनिटांत कळतो.

पत्रावर ‘ॲप्रेंटिस’ लिहिलं असेल तर तो पगार नसून विद्यावेतन आहे. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमाधारकाला ते दरमहा किमान ८,००० ठरवलं. चांगल्या कंपन्या याहून बरंच जास्त देतात. ॲप्रेंटिसशिप कायद्याखाली पीएफ, ईएसआय लागत नाही आणि मुदत संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन नसतं. मोठ्या कारखान्यात एक वर्ष मिळत असेल तर घ्या. पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये ‘ट्रेनी’ म्हणून दोन वर्षं राबवत असतील तर नको.

आयटीआयवाल्याशी तुलनाही होते. ऑपरेटरला ओव्हरटाइमचा दुप्पट दर मिळतो. डिप्लोमावाला ‘स्टाफ’ किंवा ‘सुपरवायझर’ गटात टाकला की तोच चार तासांचा जादा वेळ फुकट जातो. पहिली दोन वर्षं फिटर-टर्नरच्या हातात डिप्लोमावाल्यापेक्षा जास्त पडले तर नवल वाटायला नको. पुढे लाइन सुपरवायझर, क्वालिटी, मेंटेनन्स इंजिनीअर अशी चढण डिप्लोमाला लवकर खुली होते. घरात आजच पैशांची निकड असेल, तर आयटीआय, ॲप्रेंटिसशिप आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा ही वाट खरंच विचारात घेण्यासारखी आहे.

शाखेबद्दल थोडक्यात: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्याला डिप्लोमावर नोकरी लागते. कॉम्प्युटरवाल्याला आयटी कंपन्या बहुधा पदवी विचारतात, म्हणून कॉम्प्युटर डिप्लोमा हा सहा वर्षांचा खर्च धरूनच घ्यावा.

सरकारी नोकरीचं आकर्षण मोठं. राज्यात कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) पदाची वेतनश्रेणी ३८,६०० पासून सुरू होते, केंद्रात आणि रेल्वेत ३५,४०० पासून, वर महागाई भत्ता. डिप्लोमा पुरतो. तरीही हा पगार वहीत कमाई म्हणून लिहू नका. तयारीचं वर्ष, क्लास, पुण्यातली खोली यांचा खर्च मात्र लिहा, कारण तो नक्की होतो.

नोकरी की थेट दुसरं वर्ष

सगळ्यात मोठा निर्णय तिसऱ्या वर्षानंतर येतो. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी लागत नाही, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के. अकरावी-बारावी आणि चार वर्षं मिळून सहा, डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीनही सहाच. वेळ सारखाच जातो, पण या वाटेवर एकोणिसाव्या वर्षी एक कागद हातात असतो आणि थांबता येतं.

थांबायचं की नाही, हे असं काढा. नोकरी धरली तर तीन वर्षांतली बचत: पहिल्या वर्षी ७४,४००, दुसऱ्या वर्षी (हातात १७,५००, खर्च १०,५००) ८४,०००, तिसऱ्या वर्षी (१८,९००, खर्च ११,०००) ९४,८००. बेरीज २,५३,२००. पदवीला गेलात तर ही बुडाली. पदवीची फी १,२०,०००, त्यात शिक्षण शुल्क १,०५,०००. निम्मं माफ होऊन वर्षाला ६७,५००, तीन वर्षांचे २,०२,५००. राहणं-खाणं महिन्याला १०,००० प्रमाणे ३,००,०००. सगळं मिळून पदवीची खरी किंमत ७,५५,७००.

तीन वर्षांनी डिप्लोमावाला मित्र हातात २०,४०० घेत असेल. पदवीवाल्याला २८,४०० मिळाले तर महिन्याचा फरक ८,००० आणि भरपाईला ९५ महिने, म्हणजे जवळपास आठ वर्षं. ३५,४०० मिळाले तर ५१ महिने. आणि कॉलेजच्या नावाला बाजारात कुणी ओळखत नसेल, पदवीवालाही २२,००० वर रुजू होणार असेल, तर फरक १,६०० चा. तो कधी फिटायचा? म्हणून डिप्लोमाच्या गुणांना पैशात किंमत आहे. ८८-९० टक्क्यांवर नावाजलेलं किंवा सरकारी अभियांत्रिकी कॉलेज मिळण्याची शक्यता असते. ६५ टक्क्यांवर जे मिळतं, त्याच्यापेक्षा नोकरी बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गेलात तर दुसऱ्या वर्षाच्या गणित-३ ची तयारी जूनपासून करा. इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन मुलांना आधीच येतात असं धरूनच तिथे शिकवतात आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा पहिला विषय तिथेच राहतो.

मधली वाटही आहे. एआयसीटीईनं २०२३ पासून नोकरदारांसाठी संध्याकाळच्या तुकड्यांना परवानगी दिली. त्यासाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि कामाचं ठिकाण कॉलेजच्या जवळ असावं लागतं. बचत सगळी बुडत नाही, फी तेवढी जाते. नोकरी निवडताना अशी तुकडी असलेलं कॉलेज किती लांब आहे आणि कंपनी जनरल शिफ्ट देते की फिरती, हे विचारून घ्या. फिरत्या शिफ्टमध्ये संध्याकाळचं कॉलेज जमत नाही.

रुजू होताना एक काळजी घ्या. बॉण्ड असेल तर रक्कम आणि मुदत वाचून सही करा, आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती कंपनीकडे ठेवू नका. साक्षांकित प्रती द्या. थेट दुसऱ्या वर्षाच्या फेरीत मूळ कागद दाखवावे लागतात, आणि ते एचआरच्या कपाटात अडकले की त्या वर्षीची जागा जाते.